लिफ्ट वर जात असताना

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स टेबलाच्या मधोमध पडली होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. चहा मात्र सगळ्यांचा पिऊन झाला होता.

शनिवारचे अकरा वाजले होते. चार वाजता परीक्षा मंडळाची आक्षेप घेण्याची खिडकी बंद होणार, आणि ती बंद झाली की चिमणी कायमची ‘ब’ वाटेला लागणार. ‘ब’ वाट म्हणजे दोन वर्षं हातकाम शिकायचं आणि कामाला लागायचं. तिथून पुन्हा पुस्तकांकडे यायला दार नाही. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बाकीच्या विषयांत ती जेमतेम का होईना, तरली होती. विज्ञानात मात्र साठांपैकी अकरा. पास व्हायला एकवीस लागतात.

“अकरा,” हेडसर म्हणाले. त्यांनी तो आकडा असा उच्चारला, की जणू कुणाच्या तरी बुटाला चिखल लागला आहे आणि तो माणूस तसाच गालिच्यावर आला आहे.

धाकटा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. चिमणी त्याची मुलगी, आणि नवव्या मजल्यावरचं हे घरही त्याचंच. पण वडील आले की तो आपल्याच घरात दाराजवळ बसे. वडिलांना तिन्ही मुलं ‘सर’ म्हणत, कारण तिघंही त्यांच्याच शाळेत शिकली होती आणि घरी आल्यावर हाक बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. थोरली ताई परीक्षा मंडळात होती. देशभराच्या विज्ञानाच्या पेपराची नमुना उत्तरं तीच काढायची. मधला शिक्षकांना शिकवायचा आणि आपली शिक्षणपद्धती कशी कुजली आहे यावर व्याख्यानं द्यायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो हीच परीक्षा दोनदा नापास झाला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल या घरात आणखी काही सांगावं लागत नसे.

“ही पोरगी नापास झालेली नाही,” मधला म्हणाला. “पद्धत नापास झाली आहे. एक पेपर, तीन तास, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचं आयुष्य इकडे नाहीतर तिकडे. हे शिक्षण आहे की धान्याची चाळण?”

“तुझी दोन्ही मुलं त्याच चाळणीतून पहिल्या वर्गात निघाली,” ताई म्हणाली.

“म्हणून तर मला बोलायचा अधिकार आहे.”

“वा! बक्षीसही घ्यायचं आणि परीक्षकाला शिव्याही द्यायच्या.”

सरांनी हात वर केला. ब्याऐंशीव्या वर्षीही त्या हातानं खोली गप्प होई.

“देशभर एकच पेपर,” ते म्हणाले. “एकच घंटा. डोंगरातल्या शाळेत आणि राजधानीतल्या शाळेत चार लाख मुलं एकाच क्षणी पहिलं पान उलटतात. मी दरवर्षी त्या क्षणी घड्याळाकडे बघत उभा राहायचो. अंगावर काटा यायचा. शिपायाची मुलगी आणि मंत्र्याचा मुलगा, दोघांपुढे तोच प्रश्न. तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, जात-गोत दिसत नाही, चेहरा दिसत नाही. ही पद्धत यायच्या आधी काय होतं, ते मला विचारा. ओळख होती. वशिला होता.”

सर खरं बोलत होते, हे मधल्यालाही माहीत होतं.

“पण सर,” धाकट्याची बायको म्हणाली, “तपासणाऱ्याला चेहरा दिसत नाही हे ठीक. पान तरी दिसतं का?”

ती नर्स होती आणि रात्रपाळी करून आली होती. तिला आज भीड नव्हती. मधला तिला ‘साडेतीन’ म्हणे. त्याला कारण होतं. या घरात तंट्याचा निकाल चिठ्ठ्यांनी व्हायचा. पेपर दोघा परीक्षकांनी एकमेकांना न दाखवता तपासावा, तशी ती रीत. प्रत्येकानं आपले गुण चिठ्ठीवर लिहायचे, घडी घालायची, आणि सर एकेक उघडणार. कुठली खोली कुणाची, मधल्यानं परदेशी जावं की नाही, सगळं असंच ठरलं. धाकट्याच्या लग्नाच्या वेळी ताईनं मुलीला दहापैकी सात दिले, मधल्यानं सहा, आणि सरांनी साडेतीन. सरासरीनं ती पास झाली. नवऱ्या मुलाची चिठ्ठी नव्हतीच, कारण शेवटची परीक्षा पास न झालेल्याला चिठ्ठी टाकता येत नसे. “नापासाला मत असतं,” सर म्हणाले होते, “गुण देण्याचा अधिकार नसतो.”

“आजही तीच रीत,” सर आता म्हणाले. “वाद नवव्या प्रश्नाचा. बारा गुण. सगळ्यांनी वाचा. मग चिठ्ठ्या.”

झेरॉक्स हातोहात फिरू लागली. चिमणी खिडकीपाशी पाठ करून उभी होती आणि अंगठ्याचं नख कुरतडत होती. मधल्यानं वाचलं आणि त्याचे डोळे चमकले.

“हे मी छापणार. तिच्या अक्षरासकट. वर मथळा देणार, ‘हिला शून्य का?’”

“खबरदार,” बायको म्हणाली. “माझी मुलगी तुमच्या लेखातलं उदाहरण नाही, भावोजी.”

“अगं साडेतीन, मी तुमच्या बाजूनं आहे!”

“बाजू नको. गुण द्या आणि गप्प बसा.”

ताईनं वाचलं नाही. “मी काल वाचलंय,” एवढंच म्हणून तिनं कागद पुढे सरकवला, आणि तो सरकत सरकत टेबलाच्या कडेला, धाकट्यापाशी आला. चिठ्ठी टाकायची नसल्यामुळे त्यानं वाचण्याचं कारण नव्हतं. दोन दिवस कागद घरात होता, पण त्याचं धाडस झालं नव्हतं. लाल शाईचा तो गोल त्यानं दुरून ओळखला होता. तसे गोल त्याच्याही पेपरांवर पुष्कळ होते. आता समोरच आला म्हणून त्यानं वाचायला घेतलं.

*एक माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जात असताना काटा त्याचं नेहमीचं वजन दाखवेल, जास्त दाखवेल की कमी? कारणासह लिहा.*

खाली चिमणीचं डावीकडे कलणारं अक्षर.

*लिफ्ट वर जाते तेव्हा तीन गोष्टी होतात. आधी ती निघते. मग ती जात राहते. मग ती थांबते. मी हे आमच्या लिफ्टमध्ये सतरा वेळा करून पाहिलं आहे. माझं वजन चव्वेचाळीस. निघताना काटा सत्तेचाळीसच्या पुढे जातो, पण एक-दीड सेकंदच. मग तो चव्वेचाळीसवर येतो आणि पार आठव्या मजल्यापर्यंत तिथेच राहतो. नववा आला की चाळीसपर्यंत खाली येतो. पहिल्या सहा वेळा मला वाटलं काटा बिघडलाय.*

पुढे तिनं आलेख काढला होता. एक उंचवटा, मग लांबच लांब सपाट रेघ, मग एक खड्डा. त्याच्याखाली दोन पानं विचार होता, खाडाखोडीसकट. वाचताना वाटावं, कुणीतरी अंधारात भिंत चाचपत चाललं आहे. आणि मग अचानक सरळ, खाडाखोड नसलेल्या ओळी.

*आपण वर आहोत की खाली, हे काट्याला कळत नाही. आपण चाललोय की उभे आहोत, हेही कळत नाही. त्याला फक्त बदल कळतो.*

*प्रश्नात लिफ्ट कुठल्या क्षणी आहे ते दिलेलं नाही. ते सांगितलंत तर मी एका शब्दात उत्तर देईन.*

समासात तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘विषयांतर’. आणि शून्य.

धाकट्यानं ते पुन्हा वाचलं. बावीस वर्षं तो लिफ्टबरोबर वर-खाली करत होता, कधी आत उभा राहून, कधी केबिनच्या टपावर बसून, अंधाऱ्या खोबणीत तारांचा वास घेत. निघताना पायाखालची जमीन तळव्यांना रेटते. मधे काही नाही. थांबताना पोट क्षणभर तरंगतं. हे त्याला इतकं पाठ होतं की एखादी लिफ्ट नीट थांबत नसेल तर तो डोळे मिटून, नुसत्या गुडघ्यांवरून सांगायचा. पण ही एक गोष्ट आहे, ती मांडता येते, तिचा आलेख निघतो आणि तिच्या तळाशी असं एक वाक्य असतं, हे त्याला माहीत नव्हतं. *त्याला फक्त बदल कळतो.* देवळात गाभाऱ्यात शिरताना वाटतं तसं काहीसं त्याला वाटलं. आपल्या घरात, आपल्याच भिंतीआड, पलंगावर पाय हलवत बसणाऱ्या या मुलीच्या डोक्यात हे चाललं होतं. तिच्या हातात तीन तास होते, त्यातले दोन तिनं यावर घालवले आणि बाकीचे प्रश्न सोडून दिले. तिला दुसरं काही दिसलंच नसणार.

“मला कधी सांगितलं नाहीस ते,” तो हळूच म्हणाला.

चिमणीनं मागे वळून पाहिलं. “तुम्हाला माहीतच असणार असं वाटलं, बाबा.”

“गुडघ्यांना माहीत होतं.”

चिठ्ठ्या उघडल्या. मधल्याचे बारा. बायकोचे बारा. सरांनी आपली स्वतःची चिठ्ठी निर्विकारपणे वाचली. “शून्य.” मग ताईची उघडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

कोरी होती. या घरात कोरी चिठ्ठी आजवर कुणी टाकली नव्हती.

“हे काय?” सर म्हणाले. “नमुना उत्तर तूच लिहिलंस. ‘जास्त दाखवेल.’ पुस्तकात तेच आहे.”

“पुस्तकात ते वाक्य तुम्ही घातलंत, सर.”

“बरोबर. मीच घातलं. वर जाता भार वाढे, खाली येता भार घटे. मुलं एका सुरात म्हणायची. चौतीस वर्षं. तूही म्हणायचीस, पहिल्या बाकावर बसून.”

“म्हणायचे. म्हणून तर उत्तर लिहिताना दुसरं काही मनातच आलं नाही.” ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काल हे वाचलं आणि मला वाटलं, मी आयुष्यात कधी लिफ्टमध्ये चढलेच नाही.”

मधला तोंड उघडून होता, पण त्याच्याजवळ या प्रसंगासाठी व्याख्यान नव्हतं.

“मग सही करा ना, ताई,” बायको म्हणाली. “नमुना उत्तर चुकलं असं ते काढणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं तरच पेपर पुन्हा तपासतात. तुम्हीच सांगितलंत.”

“माझ्या एका सहीनं चार लाख पेपर उघडावे लागतील. आणि सर म्हणतायत शून्य.”

म्हणजे अजूनही तेच होतं. पन्नाशी उलटलेली, देशभराचे गुण जिच्या शब्दावर हलतात अशी बाई, वडील शून्य म्हणाले म्हणून थांबली होती. धाकटा स्टुलावरून उठला. त्यानं खिळ्याला टांगलेला किल्ल्यांचा जुडगा घेतला.

“सर, बूट घाला,” तो म्हणाला. “चिमणे, न्हाणीघरातला काटा आण.”

वडिलांना त्यानं आयुष्यात दिलेली ती पहिली आज्ञा. आणि आश्चर्य म्हणजे सरांनी बूट घातले.

तळमजल्यावर त्यानं ‘दुरुस्ती चालू’ची पाटी लावली. मधल्याला दारात उभं केलं. पिशव्या घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना थोपवायचं काम त्याला चांगलं जमण्यासारखं होतं, आणि दोन मिनिटांत त्याचा आवाज जिन्याच्या पोकळीत घुमू लागलाही. धाकट्यानं किल्ली फिरवून लिफ्ट मधल्या कुठल्याच मजल्यावर थांबणार नाही अशी केली. आत चौघं: तो, ताई, चिमणी, आणि काट्यावर सर.

सरांनी वाकून पाहिलं.

“वाकू नका, आजोबा, त्यानंही काटा हलतो,” चिमणी म्हणाली. “नुसती मान खाली करा आणि तसेच राहा. एकसष्ट. दिसतंय?”

“दिसतंय. मी आंधळा नाही.”

दार मिटलं. धाकट्यानं बटण दाबलं.

सासष्ट.

“वाढला!” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात केवढा विजय होता. “बघ! वर जाता—”

काटा मागे आला आणि एकसष्टवर थांबला. दुसरा मजला गेला. तिसरा. काचेच्या पट्टीतून एकेका मजल्याचा उजेड वरून खाली सरकत होता. काटा एकसष्टवर खिळा ठोकल्यासारखा उभा. चौथा. पाचवा.

“आपण चाललोय ना?” सरांनी विचारलं. अगदी हळू.

“चाललोय, सर.”

“वर?”

“वरच. सेकंदाला एक मीटर.”

“आणि याला त्याचा पत्ताच नाही.”

सहावा. सातवा. म्हातारा माणूस मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर धाकट्यानं पूर्वी कधीच न पाहिलेलं काहीतरी होतं. कुठल्याही मुलाच्या चेहऱ्यावर ते वर्गात दिसत असेल, पण हेडसर नेहमी फळ्याच्या बाजूनं उभे असत. नववा आला. काटा झोक जाऊन छप्पन्नवर आला, थरथरला, पुन्हा वर चढून स्थिर झाला. दार उघडलं.

सर उतरले नाहीत.

“पाच किलो गेले कुठे?” ते म्हणाले. मग, “पुन्हा.”

चार वेळा ते वर गेले आणि चार वेळा खाली आले. खाली येताना सगळं उलटं होई, आणि तरी मधे तेच, तो अढळ एकसष्ट. तिसऱ्या वेळेला सरांनी मजले मोजणं सोडलं. चौथ्या वेळेला त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काटा दोन किलोंनी उतरला.

“हात काढा, आजोबा. तेवढा भार माझ्यावर आला.”

त्यांनी ताबडतोब हात काढला, शिक्षकानं हटकल्यासारखा.

“चौतीस वर्षं,” ते म्हणाले. “एकदाही काटा घेऊन लिफ्टमध्ये गेलो नाही.”

“शाळेत लिफ्ट नव्हती, सर,” ताई म्हणाली.

“शाळेत नव्हती. घरी होती.”

तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा मधला शेजाऱ्यांना चाळणीचं उदाहरण देत होता. सर त्याच्याजवळून गेले आणि वाहनतळाजवळच्या बाकावर बसले. ताईनं पिशवीतून अर्ज काढला. पण पेन उघडून ती थांबली.

“आता काय?” बायकोनं विचारलं. ती पायऱ्यांवर बसून होती. झोपेनं तिचे डोळे लाल झाले होते.

“ज्यांनी ‘जास्त’ लिहिलं त्यांचं काय?” ताई म्हणाली. “दोन-अडीच लाख तरी असतील. आम्ही शिकवलं तेच त्यांनी लिहिलं. हिला बारा द्यायचे म्हणजे त्यांचे बारा काढायचे? त्यातली किती जण एकवीसच्या खाली घसरतील, आणि ‘ब’ला जातील? आमची पोरगी वाचवायला?”

“त्यांचे कशाला काढायचे?” मधला म्हणाला, पण या वेळी त्याच्या आवाजात व्यासपीठ नव्हतं. “सगळ्यांनाच द्या.”

“कुठल्या कारणानं? अर्जात कारण लिहावं लागतं. दया चालत नाही.”

“ते चुकलेले नाहीत, आत्या,” चिमणी म्हणाली.

ती काटा छातीशी धरून उभी होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येऊन ती पुन्हा नख कुरतडू लागली, आणि मग नखाआडूनच बोलली.

“पहिल्या सेकंदाला त्यांचं बरोबर आहे. प्रश्नात सेकंद सांगितलेला नाही ना. ज्यांनी ‘तेवढंच’ लिहिलं त्यांचंही मधे बरोबर आहे. ‘कमी’वाल्यांचं शेवटी. सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे. चुकलाय तो प्रश्न.”

ताई तिच्याकडे बघतच राहिली. जिला शून्य मिळालं होतं ती, ज्यांना बारा मिळाले होते त्यांची बाजू मांडत होती, आणि तीही दयेनं नव्हे, कारणासकट. धाकट्याला वाटलं, आपण आता इथे फार जोरात श्वास घेऊ नये.

ताईनं अर्ज मांडीवर ठेवला आणि लिहायला लागली. पानभर लिहिलं.

“पुढच्या वर्षी उत्तरं काढायला मला बोलावणार नाहीत,” लिहिता लिहिता ती म्हणाली. “नियम आहे.”

“मग मी लिहितो,” मधला म्हणाला. “पद्धत नापास झाली, आणि जी एकटी खरं बोलली तिलाच—”

“लिही खुशाल, नापास झाली म्हणून. पण आता तीच पद्धत फेरपरीक्षेला बसली आहे, हेही लिही,” ताई म्हणाली.

सरांनी हात पुढे केला. ताईनं अर्ज दिला. त्यांनी तो, सवयीनं, व्याकरणाच्या चुका शोधत वाचला, आणि खाली ताईची सही आहे हे पाहून त्या सहीच्या वर आपली सही केली. “उत्तर तुझं,” ते म्हणाले, “पण वाक्य माझं आहे.”

परीक्षा मंडळाच्या इमारतीत धाकटा आजवर मागच्या दारानं, अवजारांची पेटी घेऊन येत असे. इथली लिफ्ट त्याच्याकडेच होती. आज तो सगळ्यांबरोबर पुढच्या दारानं आला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकीपुढे तीसेक माणसांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात कुठल्या ना कुठल्या मुलाचा कागद. नंबर आला तेव्हा चाराला बारा मिनिटं कमी होती.

“आक्षेप कोणाचा?” कारकुनानं मान वर न करता विचारलं.

“माझा,” ताई म्हणाली.

“नमुना उत्तर कोणाचं?”

“माझंच.”

आता त्यानं मान वर केली. तिला ओळखून तो अर्धवट उभा राहिला. नियमांचं पुस्तक काढलं, बोटानं ओळी शोधल्या, एका ओळीवर थांबला. “आहे खरं कलम. वापरलेलं कधी बघितलं नाही.” त्यानं शिक्का मारला, मग दुसऱ्या गठ्ठ्यातून चिमणीचा ‘ब’ वाटेचा कागद शोधून काढला आणि त्यावर आडवी रेघ ओढली. “फेरतपासणी होईपर्यंत हा थांबला. सोमवारी मुलगी आपल्या वर्गात बसू दे.”

बायकोनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. धाकट्याला हसावंसं वाटत होतं, पण तोंड ऐकत नव्हतं.

कारकून अजून अर्ज वाचत होता. “पण मग लिफ्ट वर जाताना होतं काय? मी तर ‘जास्त’च लिहिलं होतं, माझ्या वेळी. तुमच्याच पुस्तकातून, सर.”

ताई सांगणार होती. सरांनी तिला थांबवलं.

“सांगून उपयोग नाही,” ते म्हणाले. “तो कोपऱ्यातला गठ्ठे तोलायचा काटा उचला. मुलगी बरोबर येईल.”

कारकुनानं घड्याळाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, “रांगेतल्या सगळ्यांचे घेईन,” म्हणाला, आणि काटा उचलला.

लिफ्टचं दार मिटलं. दारावरचे आकडे एकेक पेटू लागले. सर रांगेकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, वर बघत, आणि त्यांचं पाहून रांगही हळूहळू वर बघू लागली. दोन. तीन. चार. वरून, खोबणीच्या पार वरच्या टोकाकडून, कारकुनाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. तो नुसताच ओरडला होता, आनंदानं.

मग आकडे उलटे उतरू लागले, एकपर्यंत आले, आणि दार न उघडता पुन्हा वर चढले.

“लिफ्ट बिघडली का हो?” रांगेतल्या एका बाईनं धाकट्याला विचारलं.

“नाही,” धाकटा म्हणाला. “वर्ग चालू आहे.”